पाठमोरे आप्पा

सुगी आली की आमच्या बेळगुंदीत सगळ्यांना नव्या भाताच्या पेंढ्याचा वास येतो. मला त्याच्या जोडीला आणखी एक वास येतो. आंबूस, कोमट, जरा ताकाकडं झुकणारा. खांद्यावरच्या कापडात वाळलेल्या दुधाचा. लोक म्हणतात, सुगीचा वास म्हणजे घरात लक्ष्मी आल्याचा वास. म्हणोत बापडे. माझ्या नाकाला सुगी म्हणजे तान्ह्या पोरीने ओकलेलं दूध, आणि तेवढ्यासाठी मी दरवर्षी कार्तिकाची वाट बघतो.

यंदा तर तो वास नुसता आठवणीतला राहिलेला नाही. दुसरी लढाई संपली तरी रॉकेल अजून रेशनवरच आहे, संध्याकाळी घरं लवकर अंधारतात, आणि आमच्या अंधाऱ्या माजघरात थोरली लेक यमू बाळंतीण होऊन पडली आहे. तिचं पोरगं दूध पितं आणि टाकतं, पितं आणि टाकतं. परवा सकाळी मी सोप्यात बसून विळ्याला धार लावत होतो. आतून यमूचा रडवेला आवाज आला, "आई गं, परत वकलं बघ. आत्ता तर पाजवलंतं."

तिची आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "वकंना तर काय करंल? तुझंच हाय न्हवं ते? तू बी अशीच आमचा जीव खाल्लीस. इचार तुझ्या अण्णास्नी."

मला कुणी काही विचारलं नाही. पण मी धार लावायची थांबवली आणि बराच वेळ विळा तसाच मांडीवर ठेवून बसलो.

यमूच्या जन्माची सुगी. साल विचाराल तर मला सांगता यायचं नाही. मी साल लक्षात ठेवणारा माणूस नव्हे. तापाची मोठी साथ येऊन गेली होती आणि त्या साथीत हिची, म्हणजे माझ्या बायकोची, आई गेली होती, एवढं पक्कं. नाहीतर ही बाळंतपणाला माहेरी गेली असती आणि मला हा लेख लिहायला काही उरलंच नसतं. माहेरी आई नाही म्हणून ती आमच्याकडंच राहिली. त्याआधीचं आमचं एक मूल पाचवी पुजायच्या आत गेलं होतं. त्यामुळं यमू झाली तेव्हा घरात आनंद होता, पण कुणी तो मोठ्याने बोलून दाखवत नव्हतं. माझी आई पोरीला 'दगड' म्हणायची. देवाच्या ध्यानात येऊ नये म्हणून.

ज्यांनी आमच्या बाजूची भाताची सुगी बघितली नाही त्यांना कसं सांगू? पहाटे डोंगराकडून धुकं उतरतं आणि शिवारभर बसून राहतं. माणसं दिसत नाहीत, विळ्यांची खसखस तेवढी ऐकू येते. ऊन वर येईतो भाताचे भारे डोक्यावर घेतलेली रांग बांधाबांधाने चालू लागते. खळी सारवलेली, मधोमध तिवडा रोवलेला, त्याच्याभोवती बैल फिरताहेत आणि कुणीतरी त्यांना दमात घेतंय. उन्हात कुसळं उडतात, गळ्यात चिकटतात, रात्रभर चावतात. गावात माणूस राहत नाही. राहतात त्या कोंबड्या, फार थकलेले म्हातारे आणि बाळंतिणी. त्या वर्षी त्यांच्यात माझी भर पडली.

झालं असं, की बांधावरून उतरताना बोरीचा काटा टाचेत गेला आणि आत मोडला. पाय सुजून मडक्याएवढा झाला. आईने गरम पोटीस बांधलं आणि मला सोप्यात बसवून टाकलं. ऐन सुगीत घरात बसलेल्या तरण्या माणसाकडं लोक कसं बघतात, ते भोगल्याशिवाय कळायचं नाही. वाटेने जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय रं, बाळंतीण कोण, तू का ती?" मी हसायचो. दुसरं करणार काय?

आणि माजघरात पोरगी ओकत होती. सोयेर फिटली, बारसं झालं, नाव यमुना ठेवलं, तरी ओकणं काही थांबेना. अंगावर प्यायची ती हावऱ्यासारखी. पिऊन झालं की आई तिला झोळीत घालायची, आणि जरा वेळाने आतून रडणं सुरू. साधं रडणं नव्हे. पाठीची कमान करायची, मान मागं टाकायची, पाय ताठ करायची, जणू पोटात कुणी निखारा ठेवलाय. मग भडकन दूध बाहेर. फाटलेलं, आंबट. पुन्हा भूक, पुन्हा पाजणं, पुन्हा तेच. तिची मांडी माझ्या अंगठ्याएवढी दिसायला लागली होती. ही झोपेवाचून वाळत चालली होती आणि पोरीकडं बघायला भीत होती. आधीचं मूलही जाण्यापूर्वी असंच हलकं झालं होतं.

उपाय कमी झाले नाहीत. आईने मीठमोहरी ओवाळून चुलीत टाकली. सहाणेवर घुटी उगाळली. पोटावर हिंगाचा लेप झाला. मच्छ्याहून आत्या बाळंतविडा घेऊन आली आणि बसल्या बसल्या तिने निकाल दिला, "आईचं दूधच जड पडतंय पोरीस." मग हिचा भात बंद, डाळ बंद. सुगीच्या दिवसांत, नव्या भाताचे भारे खळ्यावर पडत असताना, ही कोरडी भाकरी आणि लसूण खात होती. चार दिवसांनी ही म्हणाली, "मी उपाशी राहून जर ती वकायची थांबणार असंल तर राहते. पर थांबना झालीया की."

खरी गोष्ट लक्षात आली ती आईच्या, तीही घाईत. खळ्यावर भाकरीची बुट्टी न्यायची होती आणि पोरगी रडत होती, म्हणून आईने तिला खांद्यावर टाकलं आणि तशीच घरभर भांडी गोळा करत फिरली. पोरगी गप्प. बऱ्याच वेळाने तिने म्हाताऱ्या माणसासारखी खणखणीत ढेकर दिली. आईने तिला खाली ठेवलं तर ओकली नाही. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "आडवं घातलं की वकतंय हे. उभं धराय पायजे. पाजवून झालं की लई वेळ उभं धराय पायजे."

सांगून ती बुट्टी डोक्यावर घेऊन निघून गेली. तिची चूक नव्हती. खळ्यावर माणसं भुकेली होती. पण उभं धरायचं कुणी? ही पोरीला धरून बसली की बसल्या जागी डोळा लागायचा आणि मान पोरीवर पडायची. अख्ख्या घरात रिकामे हात माझेच होते.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, कारण शहरातल्या लोकांना ती खोटी वाटेल. आपल्या बापासमोर, सासऱ्यासमोर आपलं पोर उचलायचं नाही. भावाचं घ्या, बहिणीचं घ्या, शेजाऱ्याचं शेंबडं पोर खांद्यावर बसवून जत्रा दाखवून आणा, कुणी काही म्हणणार नाही. पण आपलं स्वतःचं पोर वडिलांच्या देखत घेतलं की माणसाने लाज सोडली. कुणी शिकवत नाही हे. माझ्या आप्पांनी मला कधी उचललं होतं का, ते मला माहीत नाही. उचललं असेल तर त्यांचे वडील शेतावर असताना. आमच्या गावात बाप आणि मूल यांची ओळख मूल औतामागं चालायला लागलं की व्हायची.

तरी मी घेतलं. एका दुपारी ही पाजवून उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. मी म्हटलं, "दे हिकडं." तिने आधी दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग पोरगी माझ्या खांद्यावर ठेवली. तिचं वजन काहीच नव्हतं. ओल्या कापडाची घडी ठेवावी तसं. पण ती घडी श्वास घेत होती. माझ्या मानेला तिचं नाक लागलं, आणि मला काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाहीच. मला बरं वाटलं, एवढंच. जन्मात पहिल्यांदा इतकं बरं वाटलं.

पुढं रोजचं ठरून गेलं. पाजून झालं की ती माझ्याकडं द्यायची आणि जरा आडवी व्हायची. मी भिंतीला टेकून पोरीला उभं धरून बसायचो. एका हाताने पाठ चोळायची, खालून वर. समोर दार, दाराबाहेर वाट, वाटेपलीकडं आमचं खळं. बैल फिरताना दिसायचे, आप्पांचा आवाज ऐकू यायचा. आप्पा उंच, रुंद, आणि बोलायला मोजके. बैलांशी जेवढं बोलत तेवढं माणसांशी कधी बोलले नाहीत. ते पाणी प्यायला घराकडं वळले की मी आधीच पोरीला आत पोचवायचो. सुजल्या पायाने, भिंत धरधरून.

एकदा ते जमलं नाही. आप्पांच्या वहाणा एकदम अंगणातच वाजल्या. आत जायला वेळ नव्हता. मी पोरीला खांद्यावरून काढून घोंगड्यावर आडवं ठेवलं आणि आपला पाय चोळत बसलो, जणू पोरीची आणि माझी ओळखच नाही. आप्पा उंबऱ्यात आले आणि त्याच क्षणी तिला उलटी झाली. तोंडातून, नाकातून दूध आलं. चेहरा लाल झाला, मग काळवंडला. आवाज येईना. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि माझा हात उठेना. आप्पा चटकन पुढं आले, पण त्यांचे हात कोपरापर्यंत कुसळांनी भरलेले. ते तसेच अडले आणि ओरडले, "पोरी, धाव गं! लेकरू बघ!"

ही आतून आली, पोरीला उपडं केलं, पाठीवर थापट्या दिल्या. पोरगी रडली. त्या रडण्यासारखं गोड मी काही ऐकलेलं नाही. आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग माझ्या खांद्याकडं. खांद्यावर दुधाची ओल होती. पाणी न पिताच ते परत खळ्यावर गेले.

दुसऱ्या दिवसापासून आप्पांना खोकला झाला. वाटेच्या पलीकडूनच ते खाकरायचे, मग थोडं थांबून पुन्हा खाकरायचे, आणि मग सावकाश यायचे. आईला वाटलं कुसळं घशात गेली. तिने आल्याचा काढा केला. आप्पांनी तो गपचूप प्यायला. मला वाटलं ते रागावलेत, आणि हा खोकला म्हणजे मला इशारा आहे. खोकला ऐकला की मी लंगडत आत जायचो, नुकत्याच आडव्या झालेल्या हिला उठवायचो. एकदा उंबऱ्याला अडखळलो आणि पोरीसकट पडता पडता वाचलो. दारातून ते आप्पांना दिसलं असणार.

कारण त्यानंतरच्या दुपारी खोकला आलाच नाही. वहाणाही वाजल्या नाहीत. पोरगी खांद्यावर होती, मी तिची पाठ चोळत होतो. सोप्यातला उजेड कमी झाला म्हणून मान वर केली, तर दारात आप्पांची पाठ. ते पायरीवर बसले होते. तोंड खळ्याकडं, पाठ आमच्याकडं. खांद्यावर घोंगडं टाकलेलं, त्यामुळं सगळं दार भरून गेलं होतं. वाटेने जाणाऱ्याला आतलं काही दिसलं नसतं.

पोरीला खाली ठेवू की नको? तेवढ्यात आप्पा खळ्याकडं बघत म्हणाले, "वारं पडलंय आज."

"व्हय आप्पा," मी म्हणालो. वाऱ्याशिवाय भात उफणता येत नाही, एवढं मलाही कळत होतं.

"पडू दे. गडबड न्हाय."

मी पोरीला खाली ठेवलं नाही.

मग रोज असंच. मळणी उरकून उफणणी सुरू झाली होती. दुपारी वारं पडलं की आप्पा येऊन पायरीवर पाठ करून बसायचे. आई एकदा म्हणाली, "अवो, उन्हात पायरीवर का बसलाय? सोप्यात या की, सावलीला."

आप्पा म्हणाले, "खळ्याकडं ध्यान ठेवाय पायजे."

खळ्यावर तेव्हा राखण्यासारखं काय होतं? झोपलेला गडी आणि दोन बैल. आई माझ्याकडं, माझ्या खांद्याकडं बघून आत गेली.

आम्ही बोलायचो. त्या पाठीशी मी आयुष्यात जेवढं बोललो तेवढं त्यांच्या तोंडाशी बोललो नाही. कुठल्या खाचरात पाणी जास्त राहतं, कोणता बैल विकावा, बेळगावच्या पेठेत भाताला काय भाव निघेल. पोरीचा विषय कधी निघाला नाही. एकदाही नाही. फक्त एक गोष्ट मी पाहून ठेवली होती. आप्पा बसले की कमरेची तंबाखूची चंची काढायचे आणि हातात धरून ठेवायचे. उघडायचे नाहीत. माझ्या खांद्यावर पोरगी ढेकर द्यायची, आणि मग आप्पा चंचीची दोरी सोडायचे.

पोरीने बाळसं धरलं. हळूहळू, पण धरलं. पौषात तिच्या मनगटाला वळी पडली. ही पुन्हा भात खायला लागली, नव्या तांदळाचा, तुपाची धार सोडून, आणि पहिला घास घेताना रडली. माझी टाच बरी झाली. ही अजून म्हणते की ती कधीच बरी झाली होती आणि मी उगीच लंगडत होतो. "काटा निघालता, सूज उतरलती, आणि ह्यो बाबा भिंत धरूनच चालतोय," असं ती यमूला सांगते. मी नाकबूल करत नाही. शिमग्यापर्यंत ओकणं आपोआप थांबलं. पोरगी बसायला लागली, मी शेतावर जायला लागलो, आणि आप्पा पुन्हा सोप्यात, भिंतीला टेकून बसायला लागले. तेव्हापासून त्यांच्यासमोर मी यमूला कधी उचललं नाही. ती रांगत माझ्याकडं आली तर मी आप्पांकडं बोट दाखवायचो, "जा, आज्जाकडं जा." ती जायची. आप्पा तिला उचलून घ्यायचे.

आप्पांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची आठवण काढली की लोकांना त्यांच्या मिशा आठवतात, खळ्यावरचा आवाज आठवतो. मला पाठ आठवते. एक रुखरुख मात्र राहिली. त्या दुपारी, ते तसे बसलेले असताना, त्यांचं तोंड कसं असायचं? रागावलेलं, कंटाळलेलं, का आणखी काही? मला ते कधीच दिसलं नाही, आणि विचारायची आमच्यात पद्धत नव्हती.

काल खानापूरहून जावई आले. तिथं लाकडाच्या वखारीत कामाला आहेत. गरीब स्वभावाचा, लाजरा मुलगा आहे. आगगाडीने बेळगाव आणि तिथून मिळेल त्या गाडीने, असे दुपारी येऊन पोचले. मुलगा झाल्यावर दुसऱ्यांदाच येत होते. मी सोप्यात होतो म्हणून ते माझ्यासमोर घोंगड्यावर मांडी घालून ताठ बसले. मी विचारलं, "काय पावणं, भात कापून झालं काय तुमच्याकडं?" ते म्हणाले, "झालं, मामा." यमू पोराला पाजून बाहेर घेऊन आली, डोळ्यांखाली काळं आलेलं, उभ्या उभ्या डुलक्या घेणारी. तिच्या आईने तिला आतून जेवायला हाक मारली. तिने पोराला आमच्या मधोमध दुपट्यावर ठेवलं आणि ती आत गेली.

पोरगं जरा वेळ गप्प राहिलं. मग पाठीची कमान झाली. मान मागं गेली. ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं. मी जावयांकडं बघितलं. ते आपल्या हातांकडं बघत होते. मांडीवर ठेवलेले हात, आणि ते हात जराही हलत नव्हते. ते हात मी ओळखत होतो.

मी ते पोर उचलू शकलो असतो. आज्ज्याला कुणी अडवत नाही. पण मी उठलो, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि दारात जाऊन पायरीवर बसलो. तोंड खळ्याकडं, पाठ आत.

"वारं पडलंय आज," मी म्हणालो.

मागून दुपट्याची सळसळ झाली. मग जरा घाबऱ्या आवाजात, "व्हय, मामा."

"पडू दे. गडबड न्हाय."

मी चंची काढून हातात धरली. समोर खळं होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. आणि मला मागचं सगळं ऐकू येत होतं. पोराची कुरकुर, मग ती बारीक होत जाणं. तळहाताचा पाठीवरून फिरण्याचा आवाज; हो, त्यालाही आवाज असतो, खालून वर, खालून वर. बापाने रोखून धरलेला श्वास. इतकी वर्षं मला वाटत होतं की आप्पा तिथं बसून खळ्याकडं बघत होते.

आतून ही आली. "अवो, पायरीवर का बसलाय? सोप्यात या की."

"खळ्याकडं ध्यान ठेवाय पायजे," मी म्हणालो.

तिने मागं वळून सोप्यात बघितलं असावं. मग ती खाली वाकली, पाण्याचा तांब्या माझ्या शेजारी ठेवला आणि हळूच आत गेली.

मागं खणखणीत ढेकर आली. मी चंचीची दोरी सोडायला लागलो, पण ती मला दिसेना, डोळे इतके भरून आले होते. आप्पांचं तोंड त्या दुपारी कसं असायचं, ते मला आता कुणी सांगायला नको.